फळी खाली येईना म्हणून

नव्या शतकाची पहिली काही वर्षं मी चंडीगडमध्ये बायकांचे हात लांब करून पोट भरत होते. कुणी विचारलं तर 'कॉम्प्युटरवर काम करते' एवढंच सांगायचे. खरं सांगितलं की लोक एकतर हसायचे, नाहीतर स्वतःच्या नाकाबद्दल सल्ला विचारायचे.

सेक्टर चौतीसमध्ये जिन्यावरच्या दोन खोल्यांत आमचा स्टुडिओ होता. चार मशिनं, एक एसी आणि एक बॉस. बॉस तिशीतला पंजाबी, दर वाक्याच्या शेवटी 'पक्का' म्हणायचा आणि त्यातलं काहीच पक्कं नसायचं. न बांधलेल्या इमारतींची, न बनलेल्या सोफ्यांची चित्रं करून देणं हा आमचा धंदा. देशात पैसा खेळायला लागला होता, मुल्लानपूरकडच्या शेतांतसुद्धा बोर्ड लागायला लागले होते आणि वस्तू घडायच्या आधी तिचं चकचकीत चित्र लोकांना हवं असायचं. मी कोल्हापूरची, कमर्शियल आर्टची डिप्लोमावाली. नवरा विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करायला इकडे आला आणि त्याच्यामागून मी.

चित्रांत माणसं घालायचं काम माझ्याकडे होतं. ही माणसं सीडीवर यायची. एक बाई आणि एक पुरुष, दोघंही परदेशी बांध्याचे, दोघांनाही टक्कल आणि अंगावर चिंधी नाही. आधी मापं, मग केस, मग कपडे असा क्रम असायचा. एकदा मराठी मंडळातल्या एक काकू हळदीकुंकवाचं बोलावणं करायला थेट स्टुडिओत आल्या, तेव्हा नेमका तो पुरुष माझ्या पडद्यावर होता. काकूंनी नजर खिडकीबाहेर ठेवून बोलावणं केलं, तशाच जिना उतरल्या आणि मंडळात सांगितलं की मी मेडिकलला काम करते. त्यांच्या मते तो एकच सभ्य खुलासा शक्य होता.

प्रत्येक अवयवाला पडद्यावर एक बारकं चाक असायचं. मांडीचं वेगळं, मानेचं वेगळं. फिरवलं की तो अवयव वाढायचा किंवा आटायचा. घाईने फिरवलं तर भलतेच प्रकार व्हायचे, कोपर पोटातून बाहेर यायचं, बोटं टेबलात रुतायची. कॉलेजात आम्हाला माणूस डोक्यांनी मोजायला शिकवलं होतं. मोठं माणूस साडेसात डोकी, रांगतं मूल चार. सीडीवरची बाई साडेआठ डोक्यांची होती. एवढी लांब बाई मी चंडीगडमध्येसुद्धा पाहिली नव्हती, आणि तिथे बायका चांगल्या उंच असतात. मापं जमली की संध्याकाळी रेंडर, म्हणजे मशीनने रात्रभर बसून काढायचं पक्कं चित्र, लावून घरी जायचं, कुकर लावावा तसं, आणि सकाळी येऊन बघायचं की चित्र शिजलंय की वीज गेल्याने कच्चं राहिलंय.

अशात एक कारखानदार आमच्याकडे आला. डेराबस्सीच्या रस्त्याला त्याची शेड होती. बरीच वर्षं तो औषधांच्या कारखान्यांना लॅबची कपाटं करून द्यायचा. आता जो तो मॉड्युलर किचन म्हणायला लागल्यावर त्याने त्याच कपाटांना लाल दारं लावली आणि कॅटलॉग काढायचं ठरवलं. सहाफुटी, दिलखुलास माणूस. येताना सगळ्यांसाठी समोसे आणायचा, त्यामुळे त्याच्यावर रागावणं अवघड जायचं.

त्याच्या मापाबरहुकूम मी पडद्यावर किचन उभं केलं. बाईला साडेसात डोक्यांवर आणली, सलवार-कमीज घातला, वेणी घातली आणि वरच्या फळीवरची बरणी काढायला लावली. तिचा हात पोचेना.

कारखानदार म्हणाला, "मॅडम जी, लड़की का हाथ तो पहुँचा ही नहीं।"

"सर, रैक ऊँचा है।"

"रैक तो नीचे नहीं होगा जी, सारा मशीन पे सेट है। लड़की को ऊँचा कर दो।"

मी तिला उंच केली. तिचं डोकं चिमणीत गेलं. विजेची चिमणी म्हणजे त्या कॅटलॉगचा जीव की प्राण, ती हलणं शक्य नव्हतं. शेवटी बॉसने माझ्या खुर्चीमागून तोडगा काढला, "सिर्फ़ हाथ लंबे कर दो, पक्का." मी दंडाचं चाक फिरवलं, मग मनगटापर्यंतचं फिरवलं आणि बाईने हसत हसत बरणी काढली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. चित्रातलं माणूस हसत असलं की त्याच्या हातांकडे कोण बघतं? कारखानदार खूश झाला आणि मग दर थोड्या दिवसांनी एक नवं किचन आणि त्यात एक लांब हातांची बाई, असं माझं चालू राहिलं.

हातांकडे बघणारी व्यक्ती माझ्या घरी होती.

सासूबाई वाईजवळच्या. सासरे गेल्यावर वर्षभराने नवरा त्यांना आमच्याकडे घेऊन आला. उंची चार फूट सात इंच आणि आवाज त्याच्या दुप्पट. विद्यापीठाचं आमचं क्वार्टर ऐसपैस होतं, पण त्यातलं स्वयंपाकघर कुणासाठी बांधलं होतं देव जाणे. ओटा सासूबाईंच्या छातीला लागायचा आणि सिमेंटच्या फळ्या पार आभाळाला भिडलेल्या. हे अख्खं शहर म्हणे हात वर केलेल्या एका सहाफुटी पुरुषाच्या मापाने आखलेलं आहे. शेजारचे प्राध्यापक हे फार अभिमानाने सांगायचे. तो पुरुष स्वयंपाक करायचा का, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी हवापाण्याचा विषय काढला.

तरी सासूबाईंनी आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. एक लाकडी स्टूल पायाशी ठेवून त्या दिवसभर चढायच्या-उतरायच्या. मला तर आनंदच होता. मला स्वयंपाक येतो, आवडत नाही. संध्याकाळी थकून आलं की तव्यावरची भाकरी, लसणाची चटणी आणि घरात मराठीत भांडायला कुणीतरी, याहून जास्त मी लग्नाकडून काही मागितलं नव्हतं.

मग एका दुपारी गोडा मसाल्याची बरणी काढताना स्टूल कलंडलं. सासूबाईंनी पडतानाही बरणी सोडली नाही. बरणी वाचली, डावं मनगट मोडलं. हॉस्पिटलातले हाडांचे डॉक्टर निघाले सोलापूरचे. ते प्लास्टर घालत असताना त्या मला विचारत होत्या, "झाकण घट्ट लावलंस ना? वास जाईल." नवऱ्याने त्याच दिवशी स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकलं आणि आईला सांगितलं की आजपासून स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही.

तिथून घराची कळा गेली. सासूबाई व्हरांड्यात उन्हाला बसून एका हाताने मटार सोलायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे रागाने बघायच्या. मी केलेली आमटी न बोलता खायच्या. याआधी माझ्या आमटीला त्यांनी नावं ठेवली नाहीत असा दिवस गेला नव्हता, त्यामुळे मी घाबरले. चार-पाच दिवसांनी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "प्लास्टर निघालं की मला गाडीत बसवून द्या. धाकट्याकडे जाते. तिथला ओटा माझ्या मापाचा आहे."

धाकट्या सुनेचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. तिथे रोज उठून भांडण होणार हे त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं. मी म्हटलं, "आई, इथे बसून खा ना आरामात."

"बसून कोण खातं माहितीय? पाहुणा. आणि पाहुण्याने किती दिवस राहायचं असतं?"

नवऱ्याला आईपुढे तोंड उघडता येत नाही. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आणलं. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी फक्त भाजीच्या संदर्भात बोलले. सासूबाई जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं आणि त्यांना थांबवायला माझ्याकडे एकही सबळ कारण नव्हतं.

त्याच सुमाराला कॅटलॉगचा एक मोठा प्रिंट बघून ठेवायला म्हणून मी घरी आणला होता. सासूबाईंनी चष्मा लावून तो जवळ घेतला. लाल दारं बघितली, चिमणी बघितली. मग त्यांचं बोट बाईच्या खांद्यावरून निघालं आणि हातावरून वर वर जात राहिलं.

"अगं, हिने हात खाली सोडले तर गुडघ्याला लागतील की! आजानुबाहू आहे. रामाचे होते म्हणतात असे." आणि त्यांनी धडक्या हाताने चित्राला नमस्कार केला.

मी खुलासा केला की फळी मशीनवर सेट आहे, ती खाली घेता येत नाही, म्हणून जरासे हात वाढवले.

"म्हणजे फळी खाली येईना म्हणून बाई ओढली?"

"तसंच म्हणा."

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की प्लास्टर पोटाशी धरून कॉटवर बसल्या. डोळे पुसले, चष्मा पुसला आणि चित्र मला परत देत म्हणाल्या, "माझेही ओढ की मग थोडे. राहीन मी."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिंप्याचा टेप घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला कॉम्प्युटरवर उभं करते, मग बघू कुठली फळी कुठे हवी. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण वाकून नमस्कार करण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. खांद्यापासून कोपर, कोपरापासून बोटाचं टोक. बगलेजवळ टेप गेला की त्यांना गुदगुल्या व्हायच्या आणि मग त्या मलाच ओरडायच्या, "मेल्यावर घे ना गं मापं, तेव्हा हलणार नाही मी!"

स्टुडिओत मी सीडीवरची बाई उघडली आणि उंचीचं चाक खाली आणलं. झाली बाहुली. कारण सगळंच सारख्या प्रमाणात लहान होतं. खरं माणूस तसं नसतं, उंची कमी असली म्हणून डोकं कमी होत नाही, सासूचं तर नाहीच. डोकं मूळ मापावर आणलं, गळा आखूड केला, खांदे पुढे ओढले, पाठीला किंचित बाक दिला. म्हातारपणाचं चाक त्या परदेशी लोकांनी दिलेलंच नव्हतं. बहुतेक त्यांच्याकडे सीडी विकत घेणारी माणसं म्हातारी होत नसावीत. नऊवारीही नव्हती, ती मी हाताने रंगवून चढवली. शेवटी साडेसहा डोक्यांच्या सासूबाई पडद्यावर उभ्या राहिल्या तेव्हा मला उगाचच पाठ ताठ करून बसावंसं वाटलं.

प्रिंट बघून त्या म्हणाल्या, "मी एवढीच आहे?"

"मापं तुमचीच आहेत, आई."

"जरा उंच कर. चार बोटं. बहिणीला पाठवायचंय."

"उंच केलं तर फळीही चार बोटं वर जाईल. मग हात पोचणार नाही."

हा पेच त्यांना पटला, पण आवडला नाही. "तुझ्या कॉम्प्युटरला माणुसकी नाही," म्हणाल्या आणि प्रिंट उलटा करून ठेवला.

मी सासूबाईंना कारखानदाराच्या लाल किचनमध्ये उभं केलं, निव्वळ अंतर बघायला. हात वर केला की बोटं टांगलेल्या कपाटाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकत होती. त्याच वेळी समोशांचा वास आला. कारखानदार माझ्या मागे उभा होता.

"ये माता जी कौन हैं?"

"मेरी सास।"

"अच्छी हैं जी। पर इनको हटा दो, इतनी छोटी हैं कि किचन ख़ाली-ख़ाली लगता है। या फिर हाथ..." आणि त्याने हवेत दोन्ही हात लांबवून दाखवले.

मला काय झालं मलाच कळलं नाही. बॉस समोर होता, माझ्या तोंडात कारखानदाराचाच समोसा होता, तरी मी खुर्चीवरून उठले आणि माझ्या कोल्हापुरी हिंदीत म्हटलं, "सर, बहुत औरतों का हाथ खींचा मैंने। इनका नहीं खींचेगी। इस बार रैक सरकाओ।"

बॉस खोकायला लागला. कारखानदार मात्र रागावला नाही, त्याला प्रश्न पडला. "मॅडम जी, इतनी छोटी औरतें कितनी होती हैं?"

"आपके घर में ऊपर के रैक में क्या रखा है?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "ऊपर तो... कुछ नहीं रखते। एक डिनर सेट है। शादी का। डब्बे में ही है।"

"शादी को कितने साल हुए?"

"बाईस।"

त्याने पडद्यावरच्या सासूबाईंकडे पुन्हा बघितलं आणि आवाज उतरवून सांगितलं की मागच्या महिन्यात त्याच्या शेडमध्ये एक लॉट चुकून आखूड कापला गेलाय. खालची कपाटंही बुटकी, वरचीही बुटकी. कुणी घेईना म्हणून कोपऱ्यात पडलाय. "ले जाओ। माता जी को फिट आया तो मैं उसी का कैटलॉग बनवाऊँगा। नहीं आया तो जलाने के काम आएगा।"

बुटक्या किचनचा टेम्पो आमच्या दारात आला तेव्हा नवरा फिका पडला. क्वार्टरच्या भिंतीला खिळा ठोकायलाही अर्ज करावा लागायचा. मिस्तरीने त्यावर इलाज काढला. ओट्याच्या समोरची भिंत रिकामी होती, तिथे त्याने खालची कपाटं ठेवली, त्यांच्यावर लाकडी पाय उभे करायचे आणि त्या पायांवर वरची कपाटं बसवायची, असं ठरवलं. भिंतीला टाचणीसुद्धा टोचणार नव्हती. आता फक्त पाय किती उंच ठेवायचे ते ठरायचं होतं. प्लास्टर आदल्या दिवशी निघालं होतं. मिस्तरी म्हणाला, "माता जी, हाथ ऊपर करो, निशान लगा लूँ।"

सासूबाईंनी उजवा हात वर केला. मिस्तरी पेन्सिल टेकवणार, तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. नऊवारीच्या काठाखाली दोन्ही टाचा जमिनीपासून चांगल्या तीन बोटं वर होत्या.

"आई, टाचा."

त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"आई. रोज अशाच उभ्या राहणार आहात का?"

मिस्तरी मराठी न समजताही थांबला. सासूबाई समोर उभ्या करून ठेवलेल्या वरच्या कपाटाच्या दाराकडे बघत होत्या. त्या लाल चकचकीत दारात त्यांचं डोकं दिसत होतं आणि टाचा उचललेल्या असताना ते दारावरच्या मधल्या रेघेच्या वर येत होतं. मग हळूहळू ते रेघेखाली गेलं. टाचा टेकल्या होत्या. "घाल बाबा खूण," त्या मराठीतच म्हणाल्या. मिस्तरीने खूण केली आणि पाय कापायला घेतले.

संध्याकाळी सगळं उभं राहिलं. गॅस इकडे आला, सिंक पलीकडे उंच ओट्याला राहिलं, म्हणजे भांडी आपसूक माझ्याकडे आली. गाडी परवा होती. सासूबाईंची बॅग भरून दाराशी तयार होती. त्या आत आल्या. नवरा आणि मी दाराच्या चौकटीत उभे होतो, परीक्षेच्या निकालाला थांबल्यासारखे.

त्यांनी खालचे खण उघडले, बंद केले. हात वर केला, वरच्या फळीवरची बरणी उचलली, पुन्हा ठेवली. दुसरी उचलली. टाचा जमिनीवर होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

"हा खण कुरकुरतोय," त्या म्हणाल्या.

"तेल घालू, आई."

"गॅस डावीकडे हवा होता. फोडणीला उजवा हात अवघडतो. आणि हा रंग कुणी निवडला? स्वयंपाकघर आहे की सर्कस? मिठाचा डबा इथे कुणी ठेवला? मीठ कधी गॅसशेजारी ठेवतात का? पाणी सुटतं."

नवरा माझ्या कानाशी कुजबुजला, "तिला नाही आवडलेलं. जाऊ दे तिला, उगाच आग्रह करू नकोस." रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस, पण आईच्या बाबतीत अगदीच ढ. मला तर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा गार वारं लागल्यासारखं वाटलं. मीठ उचलायला मी पुढे झाले आणि वाकलेली वर आले तेव्हा नव्या कपाटाचा कोपरा खणकन माझ्या कपाळावर बसला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"बघ, लागलं ना?" सासूबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला, तो दोन्ही बाजूंनी फिरवला, टेंगूळ येत नाही अशी खात्री केली. मग दंडाला धरून मला दाराकडे वळवलं. "तू बाहेर हो बघू. तुझ्या उंचीचं नाही हे. मध्ये मध्ये आलीस तर रोज आपटशील. जा, बस जाऊन. मी चहा टाकते."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसले. नवरा मागोमाग आला आणि घाबरून म्हणाला, "रडतेस काय? खूप लागलं का?"

"नाही रे," मी म्हटलं, "मला हाकललं त्यांनी. जा, तिकीट रद्द करून ये."